चौकशीच्या खिडकीतलं यंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी. विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली आणि हे दोघं बी.ए. झाले १८६२ साली. त्या वर्षी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. आता मला सांगा, "मी कोणता विषय घेऊ? हा घेतला तर पुढच्या वर्षी तो घेता येईल का? आणि एका पेपरात राहिलो तर?" असले प्रश्न घेऊन रानडे कुठल्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले असतील का? मुळीच नाही. विषय बहुतेक ठरलेले, पुस्तकं ठरलेली, विद्यार्थी मूठभर आणि प्राध्यापक समोर बसलेले. विचारण्यासारखं फार काही नव्हतंच.

आज मला विद्यापीठाच्या चौकशीच्या खिडकीबद्दल बोलायचं आहे आणि त्या खिडकीत गेल्या काही वर्षांत येऊन बसलेल्या एका यंत्राबद्दल. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाविषयी प्रश्न टाइप करायचा आणि संगणकाने माणसासारखं उत्तर द्यायचं, अशा प्रणालीला चॅटबॉट म्हणतात. हा शब्द तरुण मंडळींच्या तोंडी रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरतो. मी एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं संगणकशास्त्र शिकवलं. त्यामुळे यंत्राची बाजू मला ठाऊक आहे, आणि खिडकीची त्याहून जास्त.

पण आधी प्रश्न कुठून आले ते पाहू. त्याचं मूळ संगणकात नाही, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात आहे. १८६९ साली चार्ल्स एलियट नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ तिथले अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षं, म्हणजे १९०९ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. सगळ्यांनी तेच ग्रीक, तेच लॅटिन, तेच गणित शिकायचं हे त्यांना मान्य नव्हतं. विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडावेत, असं त्यांचं म्हणणं. हळूहळू त्यांनी सक्तीचे विषय इतके कमी केले, की शतक संपता संपता पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज फारसं काही सक्तीचं उरलं नाही. निवड आली तशी गोंधळाची सोयही झाली. त्याच सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने विद्यार्थ्यांना सल्ला द्यायला प्राध्यापक नेमण्याची पद्धत सुरू केली. विसाव्या शतकाच्या आरंभी 'कार्नेगी युनिट' आलं. विषय किती तास शिकला यावरून त्याचं मोल ठरवण्याचं ते माप. आज आपली मुलं ज्याला 'क्रेडिट' म्हणतात आणि शासकीय कागद 'श्रेयांक' म्हणतो, त्याचं हे घराणं.

थोडक्यात, शिक्षण एका ताटातून निघून भोजनालयाच्या फलकावर गेलं. फलक आला की "आज काय आहे?" विचारणारा आला, आणि त्याला सांगणारा कोणीतरी लागलाच.

सांगायचं काम यंत्राला द्यावं ही कल्पना मात्र विद्यापीठाच्या कार्यालयातून आली नाही. ती आली भाषेच्या कुतूहलातून. १९६१ साली अमेरिकेत 'बेसबॉल' नावाचा एक संगणकीय कार्यक्रम तयार झाला. एका वर्षाच्या बेसबॉल सामन्यांची माहिती त्याच्या पोटात होती. कोणता संघ कुठे कधी खेळला, असं साध्या इंग्रजीत विचारलं की तो उत्तर काढून द्यायचा. दहा वर्षांनी, १९७१ साली, विल्यम वूड्स यांचा 'लूनर' आला. चंद्रावरून आणलेल्या दगडमातीच्या पृथक्करणाचे आकडे त्यात भरले होते, आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी आपल्या भाषेत विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त प्रश्नांची त्याने ठीक उत्तरं दिली. अर्धशतकापूर्वी हे जमलं याचं आजच्या मुलांना नवल वाटतं. मला नवल वाटत नाही. चंद्राचे दगड विचारणारे लोक मोजके, त्यांची भाषा नेमकी, आणि आपल्याला काय विचारायचं आहे हे त्यांना पक्कं माहीत. कॉलेजात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या मुलाचं यातलं काहीच खरं नसतं.

या दोन प्रणालींच्या मध्ये, १९६६ साली, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' प्रसिद्ध केली. हे नाव मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकात एका फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवतात, तिचं हे नाव. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्या नाटकाची 'ती फुलराणी' केली आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घराघरात पोचली. म्हणजे जगातला पहिला गाजलेला चॅटबॉट नात्याने आपल्या मंजुळेची मावसबहीण लागतो!

एलायझाला काहीच माहीत नव्हतं. तुमच्या वाक्यातला एखादा कळीचा शब्द ती पकडायची आणि वाक्य उलटं करून तुमच्याच पदरात टाकायची. 'माझं'च्या जागी 'तुमचं' घालायचं, आईचा उल्लेख आला की घरच्यांबद्दल आणखी बोलायला सांगायचं, काहीच सापडलं नाही तर "पुढे बोला" म्हणायचं. मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल होती ती. आणि तरी लोक तिच्याशी मन मोकळं करू लागले. वायझेनबॉम यांची स्वतःची सचिव त्यांना महिनोन्‌महिने या कामावर राबताना पाहत होती. तिनेही चार वाक्यं टाइप केल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. या प्रसंगाने ते हादरले. बर्लिनमध्ये जन्मलेला, नाझी राजवटीत लहानपणी देश सोडावा लागलेला हा माणूस. लोक यंत्रावर किती सहज विसंबतात याची त्याला धास्ती वाटली. १९७६ साली त्यांनी याच विषयावर एक पुस्तक लिहिलं आणि २००८ मध्ये निधन होईपर्यंत ते आपल्याच अपत्याविरुद्ध बोलत राहिले.

पण त्या सचिवबाईंच्या वागण्यात मला आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. काही गोष्टी माणसं माणसाला विचारत नाहीत. यंत्राला विचारतात, कारण यंत्र हसत नाही.

तंत्राची पुढची दोन पावलं मी झटकन सांगतो. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये एक साधी पण फार मोलाची गोष्ट मांडली. प्रश्नातला जो शब्द सगळीकडे येतो त्याला किंमत कमी द्या, जो क्वचित येतो त्याला जास्त द्या. "पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म कधी भरायचा?" या प्रश्नात 'फॉर्म', 'कधी', 'भरायचा' हे शब्द दर दुसऱ्या प्रश्नात असतात. सगळा जीव 'पुनर्मूल्यांकन' या शब्दात आहे. महाजालावरची शोधयंत्रं पुढे याच पायावर उभी राहिली. दुसरं पाऊल १९७७ चं, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातलं. 'गस' नावाची ती प्रणाली विमानाचं तिकीट काढून देण्याचा संवाद करायची. तिच्याजवळ रकाने असायचे: कुठून, कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता. तुम्ही बोलाल त्यातून ती रकाने भरायची आणि जो रिकामा राहील तेवढाच विचारायची. विद्यापीठाचा चॅटबॉट जेव्हा "कोणती शाखा? कोणतं सत्र?" असं विचारतो, तेव्हा तो याच गसचे रकाने भरत असतो. आपल्या कार्यालयातला जाणता कारकूनही तेच करतो, फक्त चष्म्यावरून पाहत.

नव्वदच्या दशकात महाजाल आलं. रिचर्ड वॉलेस यांनी १९९५ मध्ये 'ॲलिस' सुरू केली, आणि 'असा प्रश्न आला तर असं उत्तर' अशा जोड्या लिहून ठेवायची एक सोपी भाषा लोकांच्या हाती आली. मग विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी आपापले बॉट मांडले. जर्मनीत हॅम्बुर्गच्या विद्यापीठ ग्रंथालयात २००४ च्या सुमारास 'स्टेला' नावाची अशी संवादिका होती. या साऱ्यांची अडचण एकच. प्रश्न कसा विचारला जाईल हे लिहिणाऱ्याला आधी सुचावं लागे, आणि विद्यार्थी तसा विचारत नसत.

आता मी आपल्याला अमेरिकेतल्या अटलांटा शहरात नेतो. कारण २०१६ या एकाच वर्षी, एकाच शहरातल्या, एकमेकांपासून फार लांब नसलेल्या दोन विद्यापीठांनी दोन अगदी वेगळे प्रयोग केले. माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास तिथेच घडला.

पहिलं जॉर्जिया टेक. तिथे अशोक गोयल हे भारतीय वंशाचे प्राध्यापक कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवत. वर्गात सुमारे ३०० विद्यार्थी, जगभर विखुरलेले, आणि एका सत्रात चर्चेच्या फळ्यावर जवळजवळ दहा हजार संदेश. गृहपाठ कधी द्यायचा, कोणत्या स्वरूपात द्यायचा, ही भाषा चालेल का? आठ-नऊ मदतनीस मिळूनही पुरे पडत नव्हते. गोयल यांच्या लक्षात आलं, की विद्यार्थी वाढले म्हणून प्रश्न वाढतात खरे, पण वेगवेगळे प्रश्न त्या मानाने वाढत नाहीत. तेच ते पुन्हा येतात. मागच्या सत्रांतले चाळीस हजारांच्या आसपास संदेश त्यांच्याजवळ साठलेले होते. आयबीएम कंपनीच्या 'वॉटसन' या यंत्राने २०११ साली 'जेपर्डी' ही दूरचित्रवाणीवरची प्रश्नमंजूषा तिथल्या दोन अजिंक्य खेळाडूंना हरवून जिंकली होती. त्याच तंत्रावर गोयल यांच्या चमूने एक मदतनीस तयार केली आणि तिचं नाव ठेवलं जिल वॉटसन.

२०१६ च्या जानेवारीत जिल कामाला लागली तेव्हा ती भलतंच काहीतरी सांगायची. म्हणून तिची उत्तरं आधी एका झाकलेल्या फळ्यावर यायची, मानवी मदतनीस ती तपासायचे आणि योग्य असतील तेवढीच पुढे जायची. मग तिच्यात एक गोष्ट पक्की केली गेली, आणि मला सगळ्यात मोलाची तीच वाटते. आपल्या उत्तराची खात्री ९७ टक्के वाटली तरच बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. मार्चअखेर ती थेट विद्यार्थ्यांना उत्तरं देऊ लागली. सत्र संपताना विद्यार्थ्यांना सांगण्यात आलं, की जिल वॉटसन नावाची बाई अस्तित्वातच नाही.

बहुतेक मुलं हसली, खूश झाली. पुढच्या सत्रात सगळ्याच मदतनिसांनी टोपणनावं घेतली आणि यातलं यंत्र कोणतं ते ओळखा, असा खेळ झाला. काहींनी तर हाडामांसाच्या मदतनिसांनाच यंत्र ठरवलं! गंमत सोडून देऊ. पण मुलांना न सांगता यंत्राशी बोलायला लावलं, हे मला रुचलेलं नाही. संगणकाच्याच वर्गात, संगणक शिकणाऱ्या मुलांवर केलेला तो प्रयोग होता म्हणून निभावला. प्रवेशासाठी आलेल्या, घरातून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेल्या मुलाशी असा खेळ करता येणार नाही. एक हिशेबही ऐकण्यासारखा आहे. पहिली जिल उभी करायला हजाराहून जास्त मनुष्य-तास लागले. पुढे त्याच प्रयोगशाळेने नव्या वर्गासाठी नवी जिल दहा तासांच्या आत तयार होईल अशी युक्ती काढली.

दुसरं विद्यापीठ जॉर्जिया स्टेट. इथले विद्यार्थी वेगळे. निम्म्याहून जास्त कमी उत्पन्नाच्या घरांतले, कित्येक आपल्या घरातले पहिलेच. तिथे एक विचित्र गळती होती. मुलांना प्रवेश मिळायचा, ती येतो म्हणून कळवायची, आणि ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले की येतच नसत. उन्हाळ्यात वितळून जावीत तशी. हे प्रमाण पाचातल्या एकाच्या घरात गेलं होतं. मुलं नापास झालेली नव्हती. कुणाचा अर्थसाहाय्याचा फॉर्म अर्धवट राहिला होता, कुणाचा लसीकरणाचा दाखला जमा झाला नव्हता, कुणाला विषयनोंदणी कशी करायची ते कळलं नव्हतं. घरात विचारायला कोणी नाही, आणि कार्यालयाचा फोन लागत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने मोबाइलवरच्या साध्या संदेशांतून बोलणारा 'पाउन्स' सुरू केला. त्याच्याजवळ दोन हजारांहून जास्त उत्तरं तयार होती. शिवाय तो वाट बघत बसत नसे. तुमचा अमुक कागद अजून आलेला नाही, मदत हवी का, असं आपणहून विचारायचा. पहिल्याच उन्हाळ्यात दोन लाखांहून जास्त संदेशांची देवाणघेवाण झाली. लिंडसे पेज आणि हंटर गेलबाख या संशोधकांनी त्याची रीतसर चाचणी घेतली. काही विद्यार्थ्यांना पाउन्स दिला, काहींना नाही, आणि निवड चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी. ज्यांना दिला त्यांच्यातली गळती पाचव्या हिश्शाने कमी झाली. प्रत्यक्ष नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण तीन टक्क्यांनी वाढलं. तीन टक्के कानाला कमी वाटतील. त्या विद्यापीठात ती तीनशेहून जास्त मुलं होती.

मुलं रात्री उशिरा विचारत. दिवसा खिडकीवर ज्याची लाज वाटेल ते विचारत. साठच्या दशकातल्या त्या सचिवबाई आठवल्या ना? इथेही तेच.

पण याच्या जोडीला दुसरी चाचणीही सांगायला हवी, नाहीतर हे जाहिरातीसारखं होईल. पुढे अमेरिकेत अर्थसाहाय्याचे फॉर्म भरा म्हणून आठ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना आठवणीचे संदेश पाठवण्यात आले. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. परिणाम शून्य. संदेश तेच होते, सल्लाही चांगला होता. पण तो सगळ्यांना एकसारखा होता, आणि पाठवणारी संस्था मुलांच्या ओळखीची नव्हती. पाउन्स "तुझा हा कागद राहिला आहे" असं म्हणत होता, आणि तेही मुलाच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या नावाने. माझं मत असं, की पाउन्सच्या यशात बुद्धिमत्तेचा भाग कमी आणि मुलाच्या नोंदी नीट ठेवल्याचा भाग जास्त होता.

त्यानंतर काळ बदलला. २०१७ मध्ये गूगलमधल्या आठ संशोधकांनी भाषा हाताळण्याची 'ट्रान्सफॉर्मर' ही नवी रचना मांडली. त्या आठांतल्या निकी परमार या पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयातून अभियंता झालेल्या. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आलं, आणि प्रश्न कसाही विचारला तरी यंत्राला कळू लागला. जुन्या बॉटची अडचण एका झटक्यात सुटली आणि नवी उभी राहिली. खेडेगावात पत्ता विचारला तर माहीत नसतानाही ठामपणे "असं सरळ जा, मग उजवीकडे" म्हणून सांगणारा एक तरी माणूस भेटतोच. नवं यंत्र तसं आहे. जिल खात्री नसली की गप्प बसायची. याला गप्प बसणं मुळात ठाऊक नाही.

यावरचा उपाय २०२० सालीच मांडला गेला होता. यंत्राने आठवणीतून बोलायचं नाही. आधी माहितीपुस्तिकेचं योग्य पान शोधून काढायचं आणि त्या पानावर जे आहे तेवढंच आपल्या शब्दांत सांगायचं. इथे पान शोधायचं म्हणजे पुन्हा कॅरनबाईंच्या वारसदारांकडेच जायचं. गोयल यांच्या प्रयोगशाळेने जिलला याच रीतीने नव्याने बांधलं आहे.

आणि तरीही चूक झाली तर भरपाई कोणी करायची? याचं एक उत्तर कॅनडातून आलं. आजीच्या निधनानंतर एका माणसाने एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटला सवलतीच्या तिकिटाबद्दल विचारलं. बॉटने सांगितलं, आत्ता पूर्ण पैसे भरा, सवलत नंतर मागा. कंपनीचा नियम उलटा होता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेलं. आमचा बॉट ही स्वतंत्र बाब आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार, असा बचाव कंपनीने केला! २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला सुमारे ८०० डॉलर भरायला लावले. कंपनीच्या संकेतस्थळावरचं पान काय आणि बॉट काय, बोलणं कंपनीचंच. विद्यापीठांना हा न्याय लावला तर? विमानाच्या तिकिटात पैसे जातात. प्रवेशाची तारीख चुकली तर वर्ष जातं.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आपल्या दारातलं सांगतो. एलियट यांचा तो फलक आता आपल्याकडेही लागला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांतही मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी निवड आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची मुभा, पुन्हा आत यायची मुभा. मुलांनी विचारायचं कुणाला?

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या गावच्या महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून मराठीतला चॅटबॉट करायला घेतला आणि मला मार्गदर्शनाला बोलावलं. मी म्हटलं, आधी संगणकाला हात लावू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि चौकशीच्या खिडकीशी बसा. मुलं जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. तीन आठवड्यांत वही भरत आली.

त्या वहीने पहिली गोष्ट शिकवली ती भाषेची. माहितीपत्रकात 'शुल्क', वहीत 'फी'. पत्रकात 'गुणपत्रक', वहीत 'मार्कशीट'. पत्रकात 'अनुत्तीर्ण विषय', वहीत 'केटी लागली'. पत्रकाची भाषा आणि मुलांची भाषा यांची गाठच पडत नव्हती. त्यात मराठीचं सामान्यरूप. परीक्षा, परीक्षेला, परीक्षेचा, परीक्षांमध्ये: आपल्याला एकच शब्द, यंत्राला चार. मोबाइलवर तर मुलं मराठी रोमन लिपीत लिहितात आणि 'पाहिजे' हा एक शब्द चार जण चार तऱ्हांनी लिहितात. मुंबईच्या आयआयटीत मराठीचा शब्दबंध तयार झाला आहे, पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने २०२२ मध्ये 'महाबर्ट' हे मराठी भाषेचं प्रारूप खुलं केलं. या दोन्हींचा आमच्या मुलांना उपयोग झाला. पण 'केटी' म्हणजे काय हे शेवटी हातानेच भरावं लागलं.

दुसरी गोष्ट भाषेपलीकडची. आमच्या आवारातच औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय आहे, खिडकी एकच. एका मुलीने विचारलं, "बी.फार्म.ची फी किती?" आकडा सांगितला की प्रश्न संपला, असं कुणालाही वाटेल. खिडकीतले भाऊसाहेब आकडा सांगण्याआधी म्हणाले, "ताई, वडील काय करतात? उत्पन्नाचा दाखला काढलाय का?" बावीस वर्षं त्या खिडकीत बसलेला माणूस. फी किती, या प्रश्नाच्या पोटात 'आम्हाला परवडेल का' हा प्रश्न असतो हे त्यांना ऐकू आलं होतं. वहीत आमच्या मुलांनी फक्त पहिला प्रश्न लिहून घेतला होता. भाऊसाहेबांचा प्रतिप्रश्न मी लिहायला लावला. गसच्या रकान्यांत दोन रकाने वाढले: उत्पन्न आणि प्रवर्ग.

आणि नेमकं ८ जुलैला शासनाचा निर्णय आला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. जूनमध्ये वहीत लिहिलेलं उत्तर जुलैत खोटं झालं. बॉटमध्ये जुना आकडा तसाच राहिला असता, तर त्या मुलीसारख्या कितीतरी जणी तो वाचून, खिडकीपर्यंत न येताच, घरी बसल्या असत्या. आणि अशा मुलींची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

तेव्हा प्रकल्पातल्या मुलांनी भाऊसाहेबांना विचारून तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक उत्तराखाली ते कोणत्या तारखेच्या परिपत्रकावरून दिलं आहे ते छापायचं. फीच्या प्रश्नाला सवलतीचं विचारल्याशिवाय नुसता आकडा द्यायचा नाही. आणि खात्री नसेल तिथे बॉटने उत्तर द्यायचंच नाही. प्रश्न नोंदवून ठेवायचा, आणि खिडकी अकरा ते दोन उघडी असते, भाऊसाहेबांना भेटा, एवढंच सांगायचं. नोंदवलेल्या प्रश्नांची यादी रोज संध्याकाळी कागदावर छापून भाऊसाहेबांच्या टेबलावर जाते. पहिल्या दिवशी ती दोन पानांची होती. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, यादी वाचली आणि म्हणाले, "यातले निम्मे तर मलाही विद्यापीठाला विचारावे लागतील." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परीक्षा विभागाला फोन लावला.